हिरवळीतली दाढ

दातांच्या डॉक्टरांना आयुष्यात कशाचा मनापासून राग असेल तर तो अर्धवट निघालेल्या मुळाचा. दाढ बाहेर आली आणि मुळाचं टोक जबड्यात राहिलं, तर डॉक्टरांच्या मते ते दाढ काढणं नव्हतंच, ती नुसती मोडतोड. ही मोडतोड त्यांनी आजवर इतरांच्या नावावर पाहिली होती आणि त्यावर यथेच्छ नाकं मुरडली होती. मग एके दिवशी ती त्यांच्याच नावावर जमा झाली. एका गृहस्थांची अक्कलदाढ काढताना मूळ आत तुटलं. डॉक्टरांचा हात थरथरायला लागला, ते टोक काही केल्या हाती लागेना, आणि शेवटी पलीकडच्या खुर्चीवरच्या पेशंटला उघड्या तोंडाने तसंच सोडून चिरंजीवांना धावत यावं लागलं.

चिरंजीवही दातांचेच डॉक्टर. त्यांनी ते टोक काढलं, गृहस्थांना घरी पाठवलं, आणि रविवारी आईवडिलांकडे जेवायला आले तेव्हा खाली मान घालून म्हणाले, बाबा, आता थोडे दिवस आराम करा. थोडे दिवस म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि डॉक्टरांनी विचारलं नाही. कारण उत्तर दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनाही नको होतं.

डॉक्टरांच्या बायकोला तर ते सगळ्यांच्या आधी कळलेलं. आयुष्यभर ती दवाखान्यात खुर्चीशेजारी उभी राहिली होती. डॉक्टरांनी हात पुढे केला की हवं ते हत्यार तळहातावर पडायचं, मागावं लागायचं नाही. घरी चहा घेताना कपबशी वाजायला लागली, तेव्हा तिने मुकाट्याने बशी बंद केली आणि मोठ्या कानाचा मग आणला.

आता हाताखाली यायला दातच नसले की दातांच्या डॉक्टरने करायचं काय? डॉक्टर खिडकीत बसून लॉनकडे बघायला लागले. लॉन म्हणजे घरापुढचा हिरवळीचा चौकोन. गवत एकसारखं कापलेलं, कडा आखल्यासारख्या. आणि त्या चौकोनात, अगदी मधोमध, एक अनोळखी झाड बसलेलं त्यांना दिसलं. पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली, अंगावर लव, आणि पानांच्या कडा दातेरी. ही शेवटची गोष्ट डॉक्टरांना खासगी अपमानासारखी वाटली.

ते तडक बाहेर गेले आणि त्यांनी ते हाताने उपटलं. खालून बारीकसा आवाज आला. तो आवाज ते ओळखत होते. मूळ तुटलं होतं. तुटल्या जागी पांढरा चीक जमला होता, आणि संध्याकाळपर्यंत त्या चिकाने डॉक्टरांची दोन बोटं लालभडक करून टाकली.

दुसऱ्या दिवशी पाहतात तर तसली झाडं लॉनभर. आधी असणारच, पण आता नजर बसली. डॉक्टरांनी मनाशी चंग बांधला आणि तो फक्त बायकोला सांगितला: ही सगळी मुळं सबंध निघाली तर माझ्या हाताला काहीही झालेलं नाही, आणि मी सरळ दवाखान्यात जाऊन माझ्या खुर्चीपाशी उभा राहणार. बायकोने विचारलं की नाही निघाली तर? डॉक्टर म्हणाले की हा प्रश्न पेशंट विचारतात, तू नाही.

तिने एकच अट घातली. ही काय चीज आहे ते आधी विचारून घ्या, आणि तोवर उघड्या हाताने शिवायचं नाही.

मोबाईलमध्ये झाडं ओळखायची सोय होती. त्या सोयीने पहिल्या दिवशी सांगितलं की ही कोशिंबिरीची पानं आहेत. दुसऱ्या दिवशी त्याच झाडाला सूर्यफूल ठरवलं. तिसऱ्यांदा फोटोत डॉक्टरांचा अंगठा आला, तर तिने अळिंबी असल्याचं कळवलं आणि खाऊ नका म्हणून बजावलं.

नर्सरीवाल्याला ओळखण्यात रसच नव्हता. फवारा मारा, सगळं मरेल, मेल्यावर नाव कशाला हवं, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरांनी त्याला विचारलं की तुझी दाढ दुखली तर मी मुंडकं उडवू का. नर्सरीवाल्याने विचार करून नको म्हटलं.

राहता राहिल्या मागच्या गल्लीतल्या बाई. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. बाईंचं सगळं आयुष्य वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांत गेलेलं, त्यामुळे जिवंत हिरवं झाड समोर आलं की त्या जरा बिचकायच्या. त्यांनी भिंग लावून पान पाहिलं, उलटं करून पाहिलं, वास घेतला, आणि भिंग पर्समध्ये ठेवून दिलं.

"फूल आल्याशिवाय मी कुणाचंही नाव घेत नाही," त्या म्हणाल्या.

फूल आलं की बी आलं आणि बी आलं की लॉन गेलं, हे डॉक्टरांनी समजावून पाहिलं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. बाई गेल्या.

तेव्हा डॉक्टरांनी निदानाची वाट न बघता काम सुरू केलं. मात्र सगळी काळजी घेऊन. टोपी, मास्क, चष्मा, हातमोजे. बसायला बुटकं स्टूल, शेजारी स्टीलचा ट्रे, आणि दवाखान्यातून आणलेली जुनी हत्यारं ओळीने मांडलेली. आदल्या रात्री माती भिजवून मऊ करायची, सकाळी बारीक पात्याने चारी बाजूंनी मूळ सैल करायचं, मग चिमट्यात धरून हलके हलके डोलवत वर घ्यायचं. रस्त्याने जाणारे जुने पेशंट हे दृश्य बघून नकळत तोंडावर हात ठेवायचे आणि पावलं उचलायचे.

काही मुळं सबंध निघाली. ती डॉक्टर ट्रेमध्ये लांबीप्रमाणे लावून ठेवत आणि दिवसभर येताजाता बघत. काही तुटली. ती मुळं बायको कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायची, आणि डॉक्टर त्या वेळी नेमके चष्मा पुसायचे. किती तुटली याचा हिशोब ठेवायची दोघांचीही तयारी नव्हती.

इथवर सगळं शहाण्यासारखं झालं. पुढचा गाढवपणा हा फक्त या दोघांनाच सुचू शकत होता, आणि खरं म्हणजे सुचलाही नव्हता, हातून झाला. मूळ निघालं की खड्डा राहतो. खड्डा राहिला की डॉक्टर त्यात कापसाचा बोळा दाबायचे. आणि बोळा दाबला की बायको आतून कोमट पाण्यात मीठ घालून आणायची. दाढ काढल्यावर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हे ती इतकी वर्षं इतक्या लोकांना सांगत आली होती की त्यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. लॉनला गुळण्या करता येत नाहीत म्हणून ती खड्ड्यात पाणी ओतायची. डॉक्टर मान डोलवायचे. बायको भांडं घेऊन आत जायची. असं रोज.

थोड्याच दिवसांत लॉनवर पिवळे गोल डाग पडले. मग ते करपले. देखणं गवत होतं तिथे जळकी वर्तुळं झाली, आणि बऱ्याच वर्तुळांच्या मध्ये, तुटून राहिलेल्या टोकातून, तेच दातेरी झाड पुन्हा उगवलेलं. पूर्वीपेक्षा तुकतुकीत. एकाला तर चक्क कळी आली होती.

कळीचं कळताच बाई आपणहून आल्या. डागांकडे बघून त्यांनी विचारलं की इथे काय ओतलंत. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्या एका क्षणात दोघांनाही सगळं उमगलं.

"मीठ," बायको म्हणाली.

बाईंचा चेहरा असा उजळला की जणू त्यांना कुणी पुरस्कार दिला. गवत मिठाने मरतं, आणि हे झाड मरत नाही, उलट फोफावतं, म्हणजे खाऱ्या जमिनीवरच्या कुळातलं ते हेच. त्यांनी एक लांबलचक शास्त्रीय नाव उच्चारलं, ते दोघांनी आदराने ऐकलं आणि लगेच विसरले. विषारी नाही, पण चीक अंगाला लागू देऊ नका, बाई म्हणाल्या. मीठ धुऊन जायला भरपूर साधं पाणी सोडा. फवारा नको. कळी फुटायच्या आत मूळ सबंध काढा, टोक राहिलं तर परत येईल. एवढं सांगून त्यांनी एक पान वाळवायला मागितलं आणि आनंदाने घरी गेल्या.

रविवारी चिरंजीव आले तेव्हा डॉक्टर त्या कळीवाल्या झाडापुढे स्टूल टाकून बसले होते. चिरंजीवांनी लॉन बघितलं, ट्रे बघितला, वडिलांचा मास्क बघितला. हसू आलं ते त्यांनी आवरलं, कारण आई दारात उभी होती आणि ती हसत नव्हती.

झाड सगळ्यांत मोठं होतं. डॉक्टरांनी बाजूची माती सैल केली, चिमटा घेतला, पानांच्या बुडाशी नेला. चिमट्याचं टोक थरथरत होतं. त्यांनी हात मागे घेतला, कोपर गुडघ्यावर टेकवलं, पुन्हा नेला. पुन्हा तेच. पानं हलायला लागली आणि वाऱ्याचा तर पत्ता नव्हता. त्यांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला.

चिरंजीवांनी बूट काढले, बाह्या वर केल्या आणि शेजारी गवतावर बसले. आईने आतून हातमोजे आणून दिले. त्यांनी झाड धरलं, थोडं डोलवलं आणि वर ओढायला घेतलं.

"थांब," डॉक्टर म्हणाले. "मूळ डावीकडे वळलंय. ओढशील तर तुटेल. तिकडची माती काढ आधी."

चिरंजीवांनी डावीकडे पातं घातलं. डॉक्टर मध्येच थांब म्हणायचे, मध्येच अजून खाली म्हणायचे, एकदा नुसतंच हं म्हणाले. मग त्यांनी हळूच सांगितलं की आता घे. मूळ निघालं. वीतभर लांब, मध्ये कोपरासारखं डावीकडे वळलेलं, आणि शेवटचं केसासारखं टोकही शाबूत.

चिरंजीव ते हातात धरून बघत राहिले. "वळलंय हे तुम्हाला कसं कळलं?"

"डोलवलंस तेव्हा डावीकडची पानं आधी उचलली गेली."

"मला नाही दिसलं."

डॉक्टरांनी मास्क खाली केला. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि ते लपवायचा त्यांना कंटाळा आला होता.

"माझा हात गेला रे," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, नसेल गेला."

वडिलांच्या तोंडून असलं वाक्य चिरंजीवांनी कधी ऐकलं नव्हतं, आणि पेशंटला सांगायची धीराची वाक्यं इथे कामाची नव्हती. ते मुळावरची माती बोटाने काढत बसले.

"उद्या सकाळी एक दाढ आहे," ते शेवटी म्हणाले. "आडवी. एक्स-रे मी तीनदा पाहिला, मला भीती वाटतेय. तुम्ही या. हात माझा, बघायचं तुम्ही."

"मी बघताना बोलतो."

"माहीत आहे."

"पेशंटसमोर ओरडेनही."

"हळू ओरडा," चिरंजीव म्हणाले.

डॉक्टर उठले, आत गेले, कपाट उघडून पांढरा कोट शोधायला लागले. तो मागच्या बाजूला चुरगळून पडला होता. त्यांनी तो टेबलावर पसरला. बायकोने इस्त्री तापवली आणि ती त्यांच्या हातात न देता स्वतःच फिरवायला लागली, आणि डॉक्टरांनीही ती मागितली नाही. ते शेजारी उभे राहिले आणि कॉलरपाशी एक सुरकुती राहिली आहे, असं त्यांनी तिला सांगितलं.