फ्लेक्काचा नवा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुनी डिक्शनरी आहे, पण मला कपाटात शोधू नका. मी आइसलँडच्या उत्तरेकडच्या एका खोऱ्यात, एका लॅपटॉपच्या प्रोग्रॅममध्ये राहते. माझ्याजवळ शब्द आणि अर्थ नाहीत. मेंढीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि त्यापुढे मालकाचं नाव, अशा दोन हजार जोड्या आहेत. नंबर ही किल्ली. किल्ली द्या, मी नाव देते.

मला लिहिलं स्नायब्योर्न मास्तरांनी. ते शाळेत गणित शिकवत. उन्हाळाभर डोंगरावर मोकळी चरलेली मेंढरं सप्टेंबरात खाली येतात, तेव्हा सगळं खोरं गोल मेंढवाड्यात जमतं आणि ज्याची मेंढी त्याच्या कप्प्यात ढकलली जाते. हे काम लवकर उरकावं म्हणून मास्तरांनी हिवाळाभर खपून एकेक नंबर माझ्यात भरला. किती मायेनं वाढवलं हो मला!

पहिल्याच वर्षी फजिती झाली. पलीकडच्या खोऱ्यातली एक मेंढी आमच्यात आली होती. तिचा नंबर माझ्याजवळ नव्हता, आणि नसलेली किल्ली मागितली की प्रोग्रॅम जागच्या जागी बंद पडे. माणसं गारठ्यात ताटकळली. दारावर नंबर टाकणारा ओड्डुर म्हणाला, "काय मास्तर, एका मेंढीनं तुमच्या यंत्राला शिंगावर घेतलं की!" मास्तर कानापर्यंत लाल झाले.

घरी जाऊन त्यांनी एक ओळ बदलली. आता किल्ली सापडली नाही, तर मी बंद पडायचं नव्हतं. ‘बेवारशी’ असं उत्तर देऊन पुढचं काम करायचं होतं. त्यानंतर सात वर्षं मी एकदाही अडले नाही. काय माझं कौतुक! लोकांनी मेंढ्यांकडे बघणं सोडलं आणि ते माझ्याकडे बघू लागले. मास्तर थकले. नव्या नंबरांच्या चिठ्ठ्या त्यांच्या कोटाच्या खिशातच राहू लागल्या. मी मात्र त्याच तोऱ्यात उत्तरं देत राहिले.

स्टेनुनबाई एकट्या राहत. त्यांची फ्लेक्का कळपाची म्होरकी होती. एकदा हिमवादळात तिनं चाळीस मेंढ्या सुखरूप घरी आणल्या होत्या. बाईंचा जीव होता तिच्यावर. तारेत अडकून तिचा बिल्ला तुटला, म्हणून आठव्या वर्षी वसंतात बाईंनी तिला नवा लावला आणि नंबर चिठ्ठीवर लिहून मास्तरांना दिला.

सप्टेंबरात फ्लेक्का चिखलानं माखून मेंढवाड्यात आली. बाई तेव्हा सगळ्यांसाठी मटणाचं सूप ढवळत होत्या. ओड्डुरनं नंबर टाकला. मला सापडला नाही. मी म्हणाले, ‘बेवारशी’. आमच्या खोऱ्यात बेवारशी मेंढरं त्याच दुपारी कत्तलखान्याच्या गाडीत चढत. फ्लेक्काही चढली.

बाई हात पुसत आल्या. "माझी फ्लेक्का कुठंय रे?"

ओड्डुर म्हणाला, "तुझ्या कप्प्यात नाही ना? मग आलीच नसेल. यंत्र चुकत नाही, बाई."

"अरे, मागच्या सगळ्या आल्या नि म्होरकीच तेवढी राहिली? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तेवढ्यात बेवारशी मेंढरांची गाडी सुरू झाली. बाई दुखरा गुडघा ओढत धावल्या. "थांबव रे मेल्या! थांबव म्हणते ना!" फळ्यांच्या फटीतून हात घालून त्या एकेक कान चाचपू लागल्या. मेंढी कोकरू असतानाच तिच्या कानाला प्रत्येक घराची आपली खाच पाडलेली असते. एका कानावर त्यांची बोटं थांबली. "हीच ती. उतरवा आधी." आणि त्या तिथेच रडल्या.

मास्तरांनी खिशातून चुरगळलेली चिठ्ठी काढली. "चूक माझी. भरायचं राहिलं."

"राहतं रे, माणूस आहेस," बाई म्हणाल्या. "पण तुझं हे यंत्र ‘माहीत नाही’ का नाही म्हणालं? ‘मालक नाही’ कसं म्हणालं? मी बारा पावलांवर तर होते!"

मास्तरांनी ओड्डुरकडून लॅपटॉप घेतला. तिथेच गवताच्या भाऱ्यावर बसून त्यांनी ती ओळ पुन्हा लिहिली. आता किल्ली नसली तर मी बंद पडत नाही आणि थापही मारत नाही. मी म्हणते, ‘हा नंबर माझ्याकडे नाही. कान तपासा.’

मित्रांनो, तुम्हीही कधी माझ्यासारखी एखादी लिहाल. नसलेली किल्ली कुणीतरी मागणारच, तिची सोय आधीच करा. पण काम अडू नये म्हणून डिक्शनरीच्या तोंडी खोटं घालू नका. आणि नव्या चिठ्ठ्या वेळेवर भरा हो.

फ्लेक्का सुटली. पण त्याआधीच्या सात वर्षांत मी किती जणींना बेवारशी म्हणाले, ते मला सांगता येत नाही. त्यांचे नंबर माझ्याजवळ कधी नव्हतेच. त्यातल्या काहींचे मालक बर्फ पडेपर्यंत डोंगराकडे बघत बसले असतील.