दुसरा हात

आमच्या खाडीकाठी अंगावर काय पण उठलं की खापर मिठावर फुटतं. सुनेच्या, दिपिकाच्या, डाव्या हातावर जखमा झाल्या तेव्हा मीच ओरडले, "मिठानं हात खाल्ला! उद्यापासून मिठागरावर जायचं नाय!" पोर घरात बसली आणि जखमा दुपटीनं वाढल्या. आता घरात कुठलं आलंय मिठागर? तरी मी आपली हळद चोपडतेय.

त्यात रोह्याला तिच्या भावाचं, प्रणितचं, लग्न ठरलं. लग्नघरी कासारीण बसणार, सगळ्या बायका बांगड्या भरणार. ही म्हणते, "आई, मी नाय येत लग्नाला." सख्ख्या भावाच्या! माझं टाळकंच सरकलं. धरली आणि पेणला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली.

बाईंनी हात निरखून बघितला. जखमा होत्या त्या उजवा हात पोचेल तेवढ्याच जागी. त्यांनी त्यावर जाड पट्टी बांधली. पुढच्या खेपेला सोडली तर आतलं सगळं सुकलेलं, आणि पट्टीच्या वर, उघड्या कातडीवर, ताजे ओरखडे! मी तोंड उघडलं, तर बाईंनी मला गप्प बसवलं. मला! गावात कुणाची टाप नाय!

मग बाईंनी तिला हळूच विचारलं, "जीव घाबरा झाला की हात तिकडे जातो का?"

दिपिका ढसाढसा रडली. "खरवडलं की जरा बरं वाटतं. मग लाज वाटते. पण थांबवताच येत नाय."

"हा आजार आहे, खोड नाही," बाई म्हणाल्या. "बरा होतो. हिला ओरडायचं मात्र नाही." हे माझ्याकडे बघून.

मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, त्यांच्याशी बोलणं सुरू झालं. ते म्हणाले, एकटं ठेवू नका, हाताला काम द्या. हात शिवशिवले की ती हाक मारी, "आई, पीठ!" की आम्ही दोघी पापडाचं पीठ कुटायला बसू. वडखळपर्यंतचे सोयरे पापड खाऊन कंटाळले. मधे एकदा परत खरवडलंन. मी जीभ चावली आणि पट्टी बांधली. जखमा भरल्यावर ती मिठागरावर पण जायला लागली, बायकांच्या थट्टामस्करीत.

रोह्याच्या मांडवात तिनं कासारणीपुढे उजवा हात केला. डावा पदराखालीच. माझा जीव टांगणीला.

उजवा भरून झाला. "दुसरा कोण देणार गो, सासू?" कासारीण म्हणाली.

बायका खो खो हसल्या. दिपिकानं माझ्याकडे बघितलं, स्वतः पण हसली, आणि पदर सारून डावा हात पुढे केला. पुसट वण होते, बस. त्यांच्यावर हिरव्या बांगड्या चढल्या.

नवरदेव मांडवात यायच्या आधी मीच नाचून घेतलं.