पक्की प्रत

नखाएवढी पिवळी चिकटपट्टी, तिच्यावर छापलेला बाण — इथे सही. प्रतिज्ञापत्राच्या शेवटच्या पानाबाहेर ती डोकावत होती. दोनदा दाबून बसवली, तरी पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा उचलली जायची. वर तिचं नाव, तिची बावीस वर्षांची वकिली, आणि मग ते एकच वाक्य — करारातलं कलम चौदा आवाज देणाऱ्या निवेदकाला सहीआधी नीट समजावून सांगितलं होतं. होतंच की. समजावून तर सांगितलंच होतं, तेच तर दुखणं आहे.

“पाचाच्या आत सही करून टाक,” सकाळी सर म्हणाले होते. “कंपनी आपली सर्वांत जुनी अशील. आणि तो माणूस काही साक्षीला यायचा नाही आता.” स्वतःच्याच विनोदावर हसून ते कोर्टात निघून गेले.

यायचा नाही? रोज येतो मेला... टेलिफोन कंपनीला कामासाठी फोन लावावा, की तोच. तोच खर्ज, शब्दाआधी तेच थोडंसं थांबणं — आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. माणूस जाऊन तीन वर्षं झाली. कंपनीने त्याची जुनी ध्वनिमुद्रणं संगणकाला खाऊ घातली आणि आता त्याच्या तोंडून हवं ते वदवून घेते, नव्या योजना, तक्रारींचे क्रमांक, जन्मात कधी न मागितलेल्या माफ्यासुद्धा. ती रिसीव्हर कानापासून लांब धरते. तरी ऐकू येतोच.

अकरा वर्षांपूर्वी तो याच टेबलाशी बसला होता, आणि कलम चौदावर त्याने बोट ठेवलं होतं: पुढे निघणाऱ्या कोणत्याही तंत्राने आवाज वापरण्याचा हक्क कंपनीला. “म्हणजे मेल्यावरही बोलायला लावणार की काय मला? हे काढा बुवा.” तिने कंपनीला विचारलं, कंपनी हो म्हणाली, तिने मसुद्यातून कलम काढलं. सगळं रीतसर. आणि सहीच्या दिवशी घाईघाईत पक्की प्रत म्हणून छापली ती आधीच्या मसुद्याची... दोन्ही फाइलींच्या नावात ‘अंतिम’, कुठला अंतिम कुठल्याच्या नंतरचा ते बघायला हवं होतं. त्याने प्रत्येक पानावर सही केली, न वाचता. “तुम्ही वाचलंय ना, मग झालं,” म्हणाला.

चार दिवसांनी फाइल लावताना दिसलं. एक फोन पुरे होता. सोमवारी करू म्हटलं मी. सोमवारी म्हटलं, कोण असलं यंत्र काढायला बसलंय — आणि मग गप्प राहणं इतकं अंगवळणी पडलं की मी विसरलेच, खरंच विसरले, तो मेल्यानंतर पहिल्यांदा फोनवर बोलला तोवर.

बैठकीच्या खोलीत त्याची बायको येऊन बसली होती. कंपनीवरचा दावा तिने आणि मुलीने लावलेला; त्यांचा वकील अजून वाटेत होता. वकील हजर नसताना त्यांच्याशी दाव्याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही, हा धंद्याचा नियम. वकीलबाईने पाण्याचा पेला पुढे केला फक्त.

“तुम्हीच का त्या वकीलबाई?” म्हातारीने पेल्याला हात लावला नाही. “हे सांगायचे तुमच्याबद्दल. बाई हुशार आहे म्हणायचे, नको ते कलम काढून दिलं तिनं.”

“तुमचे वकील येऊ देत, मग...”

“येतील. मुलीला मी हेच सांगितलं, काढलं होतं गं ते. तर तिनं कागदच पुढे टाकला, पानापानावर यांची सही. आता मला वाटतं, माझ्याशी खोटंच बोलले असतील. पैशासाठी म्हणा, नाहीतर मी कटकट करीन म्हणून.” ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “चाळीस वर्षांत कधी बोलले नव्हते हो खोटं. बिलासाठी फोन केला की तेच बोलतात, आणि मला ऐकवतच नाही. फोन ठेवून देते.”

वकीलबाईच्या तोंडात वाक्य तयार होतं, आठ-दहा शब्दांचंच. त्यानंतर सनद राहील की जाईल, सर काय म्हणतील, हे सगळं एरवी घडाघडा सुचलं असतं. आत्ता त्यातलं काही सुचेना. लिफ्टचं दार वाजलं, व्हरांड्यात बुटांचा आवाज आला, म्हणजे वकील आलाच. तो यायच्या आत बोलायला हवं, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि म्हातारी अजून माझ्याकडेच बघत होती.