कोरड्या टॉवेलची वाट

मित्रांनो, मी एक जुना निळा टॉवेल आहे. कडा उसवल्या, रंग विटला, पण तोरा मात्र नव्यासारखाच आहे बरं! विणकरानं मला जाड विणलं ते पाणी पिण्यासाठी, आणि माझी बाईही पाण्यातलीच. ती तलावावर पोहायला शिकवते.

आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, अशा तिहेरी शर्यतीत ती उतरते. सायकली टांगलेल्या असतात तिथे जमिनीवर मला अंथरतात. ती पाण्यातून सगळ्यांच्या आधी यायची. बाकीचे टॉवेल कोरडे, मी एकटा चिंब! मला वाटायचं, शर्यत म्हणजे पाणीच. उरलेलं नुसतं ऊन आणि धूळ.

गेल्या वर्षी मात्र ती धावणं अर्ध्यावर सोडून परतली आणि माझ्यात तोंड खुपसून रडली. शर्यतीची वेळ संपायच्या आत एकदा तरी पलीकडच्या शेवटच्या रेषेवर पोहोचायचं, एवढंच तर तिला हवं होतं.

घरी मी दोरीवर वाळत होतो. लेक तिला म्हणाली, "आई, पाण्यात जीव तोडून तुझी वाचतात चार-दोन मिनिटं. खरा वेळ खाते ती सायकल. तिथे दमलीस की धावताना सगळंच जातं. पाण्यात जरा सबुरीनं घे."

जे उत्तम येतं तेच आवरायचं म्हणजे काय सोपं असतं का? मला तर लेकीचा रागच आला.

यंदा ती पाण्यातून आली तेव्हा शेजारचे टॉवेल कधीच भिजले होते. मला मान नाही, नाहीतर खाली घातली असती. तिनं निवांत पाय पुसले आणि सायकल काढली. ऊन माझ्यावरून हळूहळू सरकत राहिलं. मी वाळलो, डुलकी लागली, स्वप्नात मी लाट झालो होतो. जाग आली तेव्हा ती सायकल टांगून, गुणगुणत धावायला निघाली होती.

मग मी वाट पाहिली, ती गेल्या वर्षीसारखी अर्ध्यातून परत येऊ नये म्हणून. पाऊल वाजलं की धस्स व्हायचं. सावल्या लांबल्या, वेळ संपल्याचा भोंगा वाजला, तरी मी कोरडाच.

मग ती आली. लेकीच्या खांद्यावर हात, गळ्यात पदक. माझ्यावर मटकन बसली आणि पुन्हा रडली. पाणी तसंच खारट होतं, पण मला ते गोड लागलं.

मित्रांनो, आपला टॉवेल ओलाच पिशवीत कोंबू नका. त्याला ऊन दाखवा. कधी कधी त्याला कोरडं राहून तुमची वाट पाहायची असते.