सहा ते दहा

बाईंनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून एकावर स्वतःचा चष्म्याचा डबा ठेवला. दुसऱ्यावर म्हाताऱ्याने न सांगता मिठाची बरणी ठेवली.

"हे तुमचे पहिले दोन महिने," बाई म्हणाल्या, "आणि हे गेले सहा आठवडे. काका, तुम्हीच बघा काय करून ठेवलंय ते."

म्हातारा वाकून बघू लागला. जन्मभर बसच्या डेपोत बसून कोणती गाडी किती वाजता सुटली ते वहीत लिहिलेला माणूस. तास आणि रेघा त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. पहिल्या कागदावर विजेची रेघ दिवसभर एका पातळीवर चालली होती, संध्याकाळी सहाला दाणकन खाली पडत होती आणि रात्री दहाला परत वर येत होती. दुसऱ्या कागदावर सगळं उलटं. दिवसभर रेघ जमिनीला चिकटलेली आणि नेमकं सहा ते दहा टेकाड.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"बरोबर कसं असेल? सहा ते दहा लाल वेळ. तेव्हाच सगळं गाव एकदम स्विच दाबतं, म्हणून तेव्हाची वीज तिप्पट महाग. तुम्ही तर दिवसभर घर अंधारात ठेवता आणि महागाच्या वेळी चैन करता. लोक करतात त्याच्या बरोबर उफराटं."

बाईंना या घराचं वाईट वाटत होतं, आणि त्यात थोडा स्वार्थही होता. या भागातली अकराशे घरं त्यांच्याकडे होती. पूर्वी त्या याच गल्ल्यांतून मीटर वाचत फिरायच्या. पुढे मीटर आपली खबर आपणच ऑफिसला पाठवायला लागलं, आणि मीटर वाचणाऱ्या बारा जणांपैकी नऊ जण घरी बसले. बाईंच्या जिभेला धार होती आणि हसण्यात गोडवा होता, म्हणून त्यांना नवे दर समजावून सांगायच्या कामावर ठेवलं. भिंतीवर लावायची लाल-हिरवी चकती आणि स्विचवर चिकटवायच्या लाल टिकल्यांचा कागद, एवढ्या सामानावर त्या घर जिंकून यायच्या. पोरंसोरं त्यांना टिकलीवाल्या बाई म्हणत. एका घराला दहा मिनिटं, अशी साहेबांची मोजणी होती. बाई आठ मिनिटांत उरकायच्या.

त्या अकराशे घरांत हे घर पहिलं आलं होतं. साहेबांनी तो पहिला कागद ऑफिसातल्या फळ्यावर लावला होता, खाली 'आदर्श घर' असं लिहून. बाईंनी त्याच्या प्रती काढल्या होत्या आणि कुरकुर करणाऱ्या प्रत्येक दारात त्या तो कागद नाचवत. बघा, पंचाहत्तरीच्या माणसाला जमतं आणि तुम्हाला गिझर बंद करवत नाही? लोक ओशाळायचे. आणि आता त्याच घराने असं नाक कापलं होतं. सकाळी साहेबांनी दुसरा कागद टेबलावर आपटून विचारलं होतं, "तुमच्या काकांना वेड लागलं का?"

"मी परत पहिल्यापासून सांगते," बाई म्हणाल्या. "घरात एक खादाड असतो. असतोच. कुणाकडे गिझर, कुणाकडे पाण्याचा पंप. तो शोधायचा, त्याला टिकली लावायची आणि सहा ते दहा उपाशी ठेवायचा. बाकी काही करू नका. आठवतंय ना?"

"आठवतंय. याच खुर्चीवर बसला होतात."

खादाडाला उपाशी ठेवायच्या या वाक्यावर प्रत्येक घरात हशा व्हायचा. म्हातारा हसला नाही. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहाला पाच कमी होती. बाईंनी आतल्या बंद दाराकडे पाहून आवाज खाली आणला. मागच्या वेळीही ते दार बंदच होतं, आत जुना पंखा चालू असावा तशी घरघर होती, आणि 'ही आत पडली आहे' एवढंच त्याने सांगितलं होतं. काकूंना त्यांनी पाहिलं नव्हतं. आठ मिनिटांत कुणाकुणाला बघणार?

"काकू झोपल्यात का?"

"नाही," तो म्हणाला.

त्याने चहाचे कप उचलून मोरीत नेले, विसळले, पालथे घातले. ओटा कोरडा होता, फ्रिजचं दार सताड उघडं आणि आत काही नव्हतं. फक्त तळाशी घडी घातलेलं फडकं. एवढ्या दिवसांत हा माणूस काय खातो, असा प्रश्न बाईंच्या मनात आला, पण हातातला कागद त्यांना जास्त छळत होता. घड्याळात सहा वाजले तसा म्हातारा हात पुसत म्हणाला,

"जरा बसा. वेळ झाली."

तो आत गेला. स्विचचा आवाज आला आणि मागोमाग घरघर सुरू झाली; मधूनमधून कुणीतरी दम खाऊन सुस्कारा सोडावा तशी. बाईंचा पारा चढला. दीड किलोमीटर चालत येऊन घसा कोरडा केला, आणि हा गृहस्थ त्यांच्या डोळ्यांदेखत लाल वेळेत खादाड चालू करतो म्हणजे काय. त्या उठल्या आणि दारापर्यंत गेल्या.

खोलीत एक पलंग होता. चादर ताणून बसवलेली, कडा गादीखाली खोचलेल्या. उशाशी गुडघ्याएवढं पांढरं यंत्र घरघरत होतं. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं, दवाखान्यात असतं तसं. त्याची पातळ नळी उशीवर ठेवली होती, आणि नाकात घालायची दोन टोकं वर केली होती. यंत्राच्या स्विचवर लाल टिकली होती. पलंगावर कोणी नव्हतं.

"ही गेली त्याला बेचाळीस दिवस झाले," म्हातारा म्हणाला. तो खुर्ची ओढून पलंगाजवळ बसला. "बसा ना. उभ्या का?"

बाई बसल्या नाहीत. त्यांनी चौकट धरली.

"त्या दिवशी ती आतून सगळं ऐकत होती. तुमचं बोलणं तिला फार आवडलं. तुम्ही गेल्यावर म्हणाली, अहो, खादाड शोधायला लांब जायला नको, माझ्याच उशाशी बसलाय." तो यंत्राकडे बघत बोलत होता. "हे दिवसरात्र चालायचं. पेन्शन माझं डेपोच्या कारकुनाचं. हिशेब तिनेच केला. म्हणाली, संध्याकाळचे चार तास मी नुसती पडून राहते. पडलेल्या माणसाला किती श्वास लागतो? टिकली तिनेच लावली. मला उठून लावायलासुद्धा दिली नाही."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"नंतर विचारलं. ते म्हणाले, आजार मुळातच हाताबाहेर गेलेला होता. चार तासांनी फरक पडला नसता." तो थांबला. "कदाचित, असं म्हणाले."

यंत्राने सुस्कारा सोडला. म्हाताऱ्याने नळी जराशी सरळ केली.

"चौसष्ट दिवस मी हे सहाला बंद केलं आणि दहाला लावलं. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. साडेनऊनंतर ती घड्याळाकडे बघायची. बोलायची नाही, बघायची. मी म्हणायचो, झालंच आता. म्हणून ठरवलं, तिचे चौसष्ट दिवसांचे तास फेडायचे. बाकी घरात काही लावत नाही, म्हणजे बिल झेपतं. बेचाळीस झाले. तुमचा कागद अगदी बरोबर आहे, बाई. मला पहिल्या दिवशीच सगळं समजलं होतं."

घराघरांत नाचवलेला रेघेतला तो खड्डा, खाली 'आदर्श घर' लिहिलेला, त्यांच्या पिशवीत अजून सात प्रतींत होता. खड्ड्याच्या तळाशी एक बाई पडून घड्याळाकडे बघत होती आणि त्यांनी तो लोकांना हसत हसत दाखवला होता. आणि गोष्ट एवढ्यावर संपत नव्हती.

प्रत्येक घरी एक तक्ता भरायचा असायचा, बारा प्रश्नांचा. नववा प्रश्न असा होता: घरात कोणी आजारी माणूस विजेच्या यंत्रावर आहे का? असेल तर पानभर अर्ज होता, फुकट, आणि त्या घराला चोवीस तास हिरवा, म्हणजे स्वस्त दर. सुरुवातीच्या तीसेक घरांत बाईंनी तो विचारला. सगळीकडे 'नाही' आलं. वर आजारपणाचा विषय निघाला की माणसं पंधरा मिनिटं सोडत नसत. मग ऑफिसातल्या सगळ्यांसारख्याच त्याही सकाळी चहा पिता पिता दिवसभराच्या तक्त्यांवर नवव्या रकान्यात आधीच 'नाही' लिहून ठेवू लागल्या. या घराच्या तक्त्यावरचं 'नाही' त्या बेल वाजवायच्या दोन तास आधीच लिहून झालं होतं.

"एक विचारू?" म्हातारा म्हणाला.

"विचारा."

"ती अधूनमधून म्हणायची, अशा यंत्राला सरकारी काही सोय असेल का हो? मी म्हणायचो, असती तर बाईंनी सांगितली असती. एवढं मायेने बोलल्या, त्या लपवतील कशाला? माझं तेव्हा पक्कं होतं. पण आता रात्री झोप लागत नाही. वाटतं, एकदा चौकशीच्या खिडकीवर जायला काय झालं होतं मला? डेपोत माझ्याकडे माणसं दहादा विचारायची, गाडी कधी आहे म्हणून. मी एकदा विचारलं नाही." त्याने पहिल्यांदा मान वर करून बाईंकडे पाहिलं. "नव्हती ना सोय?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. त्या म्हाताऱ्याच्या हाताकडे बघत राहिल्या. हात उशीवर होता, नळीच्या शेजारी. सांगितलं तर उरलेले बावीस दिवस संपल्यावर हा माणूस थांबणार नाही, हे त्यांना दिसत होतं. सांगितलं तर आपली नोकरीही जाईल, हेही त्याच वेळी दिसत होतं. यातलं कोणतं आधी दिसलं ते त्यांना पुढे कधीच ठरवता आलं नाही.

"नव्हती," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की. तुमच्याकडून काहीच चुकलं नाही, काका."

म्हाताऱ्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले, वाकला आणि यंत्र बंद केलं. घरघर ओसरत गेली, एक शेवटचा सुस्कारा आला आणि खोली गप्प झाली. साडेसहासुद्धा वाजले नव्हते.

"मला एवढंच कळायला हवं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता, हलका झाला होता. "सोय असती आणि मी आळस केला असता, तर वेगळं. उपकार झाले तुमचे."

त्याने नळी गुंडाळली, तिच्यावर रबर चढवलं. बाहेर येऊन त्याने बाईंच्या पुढ्यातला दुसरा कागद उचलून घडी घातली. "साहेबांना सांगा, उद्यापासून हे टेकाड दिसणार नाही." त्याने दिवा लावला, बाईंनी या घरात दिवा लागलेला आज पहिल्यांदाच पाहिला. बाई पिशवी भरू लागल्या. लवकर बाहेर पडायचं होतं, जिन्यात जाऊन श्वास घ्यायचा होता.

"थांबा, एक काम राहिलं," म्हातारा म्हणाला. ड्रॉवरमधून त्याने वही आणि टोक केलेली पेन्सिल काढली, पूर्वी गाड्यांच्या वेळा लिहीत असेल तसा ताठ बसला आणि नवं पान उघडलं. "हे यंत्र चांगल्या अवस्थेत आहे. तिचं होतं म्हणून नुसतं कोपऱ्यात ठेवून काय करू? कुणातरी गरजवंताकडे जाऊ दे. मी स्वतः नेऊन देईन. तुम्ही अकराशे घरं फिरता. अशी माणसं कुठे कुठे आहेत, तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

बाईंनी पिशवीतून तक्त्यांची नोंदवही काढली, कारण काहीतरी काढायला हवं होतं. कोणाच्या घरी कोणता गिझर, कोण मध्यरात्री कपडे धुतं, कोणाचा पंप बिघडलाय, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी पान उलटलं. मग आणखी एक. प्रत्येक तक्त्याच्या नवव्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात एकच शब्द होता, आणि तो किती घरांत खरा होता हे त्यांना ठाऊक नव्हतं.

म्हाताऱ्याने पेन्सिल कागदाला टेकवून ठेवली होती.

"सावकाश आठवा," तो म्हणाला. "एक तरी असेलच."