उद्या सकाळी नऊला भेटू

मावशींचा दिवस एका पाटीनं सुरू व्हायचा. शटर वर करायच्या आधी, किल्ली कुलपातच लटकती ठेवून, त्या पायरीवर टेकायच्या, मोबाइल काढायच्या आणि स्वतःच्याच दुकानाची वेबसाइट उघडायच्या. दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. दुरुस्ती करायचे त्यांचे यजमान. त्यांना झाडून सगळी गिऱ्हाइकं मिस्त्री म्हणायची. वेबसाइट केली होती त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं. लहानपणी मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी दुकानभर गरागरा फिरायची म्हणून तिला बॉबिन म्हणायला लागले, आणि चोवीस वर्षांची झाली तरी ते नाव काही सुटलं नाही.

वेबसाइट उघडली की पडदाभर एवढंच दिसायचं:

'आज दुकान बंद. मला जरा बरं नाही, म्हणून आईबाबा दोघंही माझ्या दिमतीला आहेत. मशीनला धीर द्या, तिच्यावर ओरडू नका. उद्या सकाळी नऊला भेटू. – बॉबिन'

मावशी ते सावकाश वाचायच्या, मोबाइलची काच बाहीला पुसायच्या आणि मग शटर वर करायच्या. ही पाटी दोन वर्षांपूर्वीची. दवाखान्यात जाता जाता, गाडीत बसल्या बसल्या बॉबिननं ती लावली होती. जरा बरं नाही, एवढंच तर होतं. चौथ्या दिवशी मावशी आणि मिस्त्री दोघंच घरी परत आले.

पाटीची सोय बॉबिननं मोठ्या हौशीनं केली होती. एक बटण दाबलं की पाटी लागते आणि तिच्याखाली सगळं झाकलं जातं, पत्ता, फोन नंबर, सगळं. पुन्हा दाबलं की पाटी निघते. "नाहीतर लोक दवाखान्यातसुद्धा फोन करतील, आई, कितव्या नंबरची सुई घालू म्हणून," ती म्हणाली होती. ते बटण कुठं आहे हे मावशींना झोपेतनं उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. दाबायचं तेवढं राहिलं होतं.

आणि तिथंच सगळं घोडं पेंड खात होतं. आजूबाजूचे जुने शिंपी यायचे, नाही असं नाही. पण आता घरोघरी कोण शिवतंय? खरी गिऱ्हाइकं यायची ती लांबून, मोबाइलवर शोधत. ती पाटी बघून परस्पर दुसरीकडं जायची. मिस्त्रींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचा फोन बटणांचा, वेबसाइट म्हणजे मायलेकींचं खातं, तिथं ते कधी डोकावले नाहीत. त्यांनी आपल्या मनाशी वेगळंच ठरवून टाकलं होतं. पोर गेल्यावर सहा महिने त्यांचे हात थरथरायचे. त्या दिवसांत एका शिंप्याच्या मशीनचं शटल, खालचा दोरा फिरवणारा भाग, त्यांनी उलटं बसवलं होतं. ती गोष्ट गावभर झाली असणार, आपला हात गेला हे लोकांना कळलंय, म्हणून कुणी फिरकत नाही, असं ते धरून बसले होते.

हात कधीच ताळ्यावर आला होता. ते मावशींना दिसत होतं. मिस्त्रींनी ओवलेली सुई बघायची फक्त. पण हे सांगायचं तर पाटीचंही सांगावं लागणार, म्हणून मावशी मूग गिळून होत्या. शेजारच्या चष्मेवाल्याला जागा वाढवायची होती. मिस्त्रींनी त्याला शब्द दिला होता, महिनाअखेरीला दुकान घ्या. आणि मग? चाळीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या मशीनच्या पोटात डोकं घातलं, तो माणूस घरी बसून करणार काय? भिंतीकडं बघून बघून खंगणार. मावशींना हे सगळं कळत होतं. कळूनही बोट काही बटणावर जात नव्हतं.

एके दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर मिस्त्री हात पुसत म्हणाले, "अगं, अकराला एक बाई येतायत. व्यापारी संघानं पाठवलंय. छोट्या दुकानांना वेबसाइटबद्दल सल्ला देतात म्हणे, फुकट."

मावशी चटकन म्हणाल्या, "आता कशाला? चष्मेवाल्याला शब्द दिलाय ना तुम्ही?"

"दिलाय. पण म्हटलं, जायच्या आधी एकदा विचारून तर बघू. बॉबिननं एवढं खपून केलेलं, कुठं काही चुकलंबिकलं असेल तर."

मावशी सुटे भाग ठेवायच्या खोलीत गेल्या. दोन तास हातात होते. आत्ता पाटी काढली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्यांनी ती बटणाची जागा उघडली, अंगठा वर धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. पाटी होती तोवर कुठंतरी लिहिलेलं होतं की पोरीला जरा बरं नाहीये, उद्या नऊला ती भेटणार आहे. रोज वाचलं की रोज एक उद्या उरायचा. हा वेडेपणा आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण तो सोडला तर हातात काय राहणार होतं? अंगठा भरून आला, मोबाइल विझला, आणि त्या सुयांच्या पुड्या लावत बसल्या.

बाई अकराच्या ठोक्याला हजर. पूर्वी शाळेत संगणक शिकवायच्या, आणि दुकानदारांनाही चौथीतल्या पोरांसारखंच वागवायच्या. मावशी पुड्या घेऊन बाहेर टेबलापाशी आल्या. बाई स्टूल ओढून बसल्या आणि जी गाडी सुटली!

"लिहून घ्या मिस्त्री. वेबसाइटवर माणूस तुमचं कौतुक वाचायला येत नाही. त्याचं मशीन अडलेलं असतं, तो वैतागलेला असतो. दुकान कुठंय, कधी उघडतं, फोन कुठला, एवढं त्याला आल्याआल्या दिसलं पाहिजे. तुमच्या वडिलांनी दुकान कसं काढलं ते खाली टाका, पार तळाला. फोटो तुमचेच हवेत. कुठली तरी गोरीगोमटी हसरी माणसं आणून चिकटवू नका. तुमच्या हाताचं तेल दिसू दे. आणि तुम्हाला काय जमत नाही तेही लिहा."

"ते कशाला?" मिस्त्री पेन्सिल थांबवून म्हणाले.

"लांबून बिचारा मशीन उचलून आणतो आणि तुम्ही म्हणता, हे आम्ही करत नाही. शिव्या घालतो मग. त्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं. आणि एक कुणीच करत नाही ते सांगते. महिन्यातनं एकदा आपली वेबसाइट परक्या माणसासारखी उघडून बघायची. आपण नवीन गिऱ्हाईक आहोत असं समजून."

मावशींनी मान वर केली नाही. रोज उघडायच्या त्या, पण परक्या माणसासारखी एकदाही नाही.

"चला, तुमची बघू," म्हणत बाईंनी स्वतःचा मोबाइल काढला. "अहो मिस्त्री, तुमचं दुकान बंद आहे!"

"बंद? मग तुम्ही बसलाय त्या काय रस्त्यावर?" मिस्त्री हसले. कितीतरी दिवसांनी हसले बिचारे.

"हे बघा ना, लिहिलंय इथं." आणि बाईंनी शाळेत धडा वाचावा तशी खणखणीत आवाजात पाटी वाचली. 'मशीनला धीर द्या' तिथं त्या हसल्यासुद्धा. "मजकूर झकास आहे हो. पण 'आज' आणि 'उद्या' असं कधी लिहायचं नाही. तारीख टाकायची. वाचणाऱ्याला काय कळणार, कुठला उद्या?"

बाईंनी मोबाइलवरून नजर उचलली आणि मिस्त्रींचा चेहरा बघून त्या गप्प झाल्या.

"परत वाचा," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी परत वाचलं, हळू आवाजात.

"खाली नाव काय आहे?"

"बॉबिन."

मिस्त्रींनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "कधीपासून आहे हे?" हे त्यांनी बाईंना विचारलं नव्हतं.

"त्या दिवसापासून," मावशी म्हणाल्या.

"तुला माहीत होतं?"

"रोज वाचते."

"रोज वाचतेस!" मिस्त्रींचा आवाज चढला. "आणि मी दोन वर्षं या हातांना शिव्या घातल्या! त्या चष्मेवाल्यासमोर उभा राहून सांगितलं, बाबा रे, माझा हात गेला, आता हे माझ्याच्यानं होत नाही. तू शेजारी उभी होतीस गं! तेव्हासुद्धा तुझं तोंड उघडलं नाही?"

"नाही उघडलं. चुकलं माझं."

"का पण?"

"पाटी काढली असती तर ती गेली असती."

"अगं, ती गेलीये."

"माहितीये मला! मला काय कळत नाही? तुम्ही नऊला आलात की मशीनशी बोलता. मी कुणाशी बोलू?" मावशींना रडू आवरेना. सुयांची पुडी हातातनं निसटली आणि सुया टेबलभर पसरल्या.

बाई पार ओशाळल्या होत्या. "मला खरंच ठाऊक नव्हतं हो. मी असं करते, याचा फोटो काढून छापून देते. फ्रेम करून लावा."

"फ्रेम नको," मावशी म्हणाल्या. "फ्रेम केली की झालंच. आणि पाठ आहे मला."

मिस्त्रींनी बाईंच्या हातातनं मोबाइल घेतला. जवळचं दिसत नाही म्हणून हात लांब करून धरला आणि ओठ हलवत स्वतः वाचलं. 'दिमतीला'पाशी ते थांबले. "कार्टी," ते म्हणाले, आणि त्यांचा राग कुठल्या कुठं गेला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग मोबाइल छातीशी धरून म्हणाले, "राहू दे. काढू नकोस. जाऊ दे दुकान. आजच चष्मेवाल्याला किल्ली देऊन टाकतो."

मावशी चरकल्या. दोन वर्षं मनात दाबून ठेवलेलं त्यांचंच म्हणणं त्यांच्या नवऱ्याच्या तोंडून बाहेर पडत होतं, आणि बाहेरून ऐकताना ते भयंकर वाटत होतं. त्यांनी मिस्त्रींच्या हातांकडं पाहिलं. मोबाइल धरलेले ते हात जरासुद्धा हलत नव्हते. हे हात कायमचे रिकामे करून ठेवायचे? पोरीनं तर लोकांना नऊला या म्हणून सांगितलं होतं. येणाऱ्याला परतवून लावत होत्या त्या मावशी, तेही पोरीच्या तोंडून. पोरीला हे अजिबात खपलं नसतं. गिऱ्हाईक परत गेलं की जेवायची नाही धड.

"थांबा," असं म्हणून त्यांनी स्वतःचा मोबाइल उचलला, ती जागा काढली, एकदा शेवटचं वाचलं आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. आवाजसुद्धा नाही. पाटी गेली आणि तिच्याखालचं पान वर आलं. सगळ्यात वर पत्ता, दुकानाची वेळ आणि फोन नंबर. खाली एकच फोटो, मिस्त्रींचे तेलकट हात, हुकात अडकलेला दोरा चिमट्यानं काढताना. त्याखाली लिहिलं होतं, 'बाबांना काय येत नाही', आणि चार प्रकारच्या मशीनची नावं.

बाईंनी ते पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हिनं सगळं बरोबर केलंय," त्या म्हणाल्या. "मला सांगण्यासारखं काही ठेवलंच नाही पोरीनं." मग त्या सुया वेचायला लागल्या. तिघंही वेचत होते.

दुसऱ्या दिवशी मावशी सवयीनं पायरीवर टेकल्या, वेबसाइट उघडली. पत्ता, वेळ, नंबर. त्यांच्यासाठी तिथं वाचायला काहीच नव्हतं. त्या पायरीवरच ओक्साबोक्शी रडल्या, आणि मिस्त्रींनी त्यांच्या अंगावरून हात लांबवून शटर वर केलं. नऊ वाजून पाच मिनिटांनी दुकानातला फोन वाजला.

"मिस्त्रींचं दुकान ना? मी पडदे शिवते, पुलापलीकडं राहते. अहो, किती महिने झाले तुमची वेबसाइट बघतेय! दर वेळी ती पाटी. मशीन नेलं दोन ठिकाणी, पण टाका सुटतोच. म्हणून परत परत बघायचे. म्हणायचे, देवा, त्या पोरीला अजून बरं वाटलेलं दिसत नाही, आईबाप अडकलेत तिच्यापाशी. तिच्यासाठी रोज हात जोडायचे हो, ओळख ना देख. आणि आज बघते तर पाटी निघाली! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आली ना मुलगी घरी?"

दोन वर्षांत मावशींना हे तोंडानं सांगावं लागलं नव्हतं. कळवायचं त्यांना दिरानं कळवलं होतं, बाकी सगळ्यांना आपोआप कळलं होतं. मिस्त्री स्क्रूड्रायव्हर हातात धरून त्यांच्याकडं बघत होते. फोन घेऊ का, असं त्यांनी खुणेनं विचारलं. मावशींनी नको म्हणून मान हलवली.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "ती गेली. तेव्हाच गेली, चौथ्या दिवशी. पाटी काढायची राहिली होती माझ्याकडून."

पलीकडून ती बाई रडवेल्या आवाजात म्हणाली, "मला वाटत होतं, ती आहे."

"मलाही तसंच वाटत होतं," मावशी म्हणाल्या.

"मशीन... मशीन आणू का मग? की नंतर कधी?"

"आजच आणा. दुकान उघडं आहे."

त्यांनी फोन ठेवला. मिस्त्रींनी टेबलावरचा पसारा एका बाजूला सारला, येणाऱ्या मशीनपुरती जागा केली, आणि चष्मेवाल्याला नाही म्हणून सांगायला ते बाहेर पडले.