उधाणाचं माप

स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये टेपसाहेब सकाळपासून एकाच पानावर अडून बसले होते. जन्मभर रेल्वेची मोजणी केली म्हणून हे नाव पडलेलं; घरी पडद्याचं कापडसुद्धा तीनतीनदा मोजणारा माणूस. किनाऱ्यावरच्या रेल्वेला पस्तीस वर्षं झाली होती, अकरा वाजता समारंभ होता आणि रेल्वेचा इतिहास खुद्द टेपसाहेबांनी लिहिला होता. मासळी बर्फात घालून त्याच दिवशी शहरात जाऊ लागली, पोरंपोरी कॉलेजात गेली, अडलेल्या बाळंतिणी वेळेवर दवाखान्यात पोचल्या. सगळं खरं हो, एक अक्षर खोटं नाही! गाळलं काय, ते मात्र त्यांचं त्यांनाच ठाऊक.

ताई बादली घेऊन आत आली. ताई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण, याच स्टेशनवर सफाईला. शेत खारावलं तेव्हा टेपसाहेबांनीच शब्द टाकून तिला इथे चिकटवलं होतं. भाऊ असावा तर असा, लोक म्हणायचे. ते ऐकलं की टेपसाहेब तिथून काढता पाय घेत.

"बाळ्या, माझ्या गावाचं काय लिहिलंस रे?"

"नाही लिहिलं काही."

"वा रे वा! बहिणीचं सासरच विसरला!" ताई हसली. "मग भाषणात तरी सांग. म्हणावं, समुद्रानं शेतं गिळली, पण रेल्वेनं पोटाला लावलं. माझं नाव घेऊन सांग हं. दोन महिन्यांनी रिटायर होतेय, तेवढीच मिरवीन."

 समुद्र बिचारा, त्यानं काय केलं होतं?

रूळ टाकण्याआधीच्या मोजणीला ते ताईच्या सासरीच उतरले होते. उधाणाचं पाणी कुठवर चढतं ती खूण मोजायची, आणि रुळांच्या भरावाखाली पाणी निघायला मोऱ्या किती, ते त्यावरून ठरायचं. उधाण दोन दिवसांवर होतं. "राहा रे दोन दिवस, बहिणीचं घर काय टोचतंय?" ताई म्हणत होती. पण डास फोडून खात होते, पठ्ठ्याला घरची ओढ लागली होती. त्यानं साध्या भरतीची खूण घेतली, तीत अंदाजानं वीतभर मिळवली, वहीत उधाण म्हणून लिहिली आणि चालू लागला. नऊ मोऱ्या लागत होत्या तिथे दोन झाल्या. खाडीतून शेतात चढलेलं पाणी पूर्वी ओहोटीला आपसूक उतरून जायचं, ते आता भरावाआड तुंबायला लागलं. चार वर्षांत भाताची जमीन वाया गेली. मेहुणे रोज बांधावर जाऊन बसायचे, बसून बसून खंगले आणि एक दिवस गेले.

"ताई, समुद्रानं नाही गं," टेपसाहेब म्हणाले, आणि डासांपासून मोऱ्यांपर्यंत सगळं एका दमात बोलून मोकळे झाले. मोकळे कसले! लाजेनं कानाच्या पाळ्या जळत होत्या.

ताईनं बादली खाली ठेवली. ती रडेल, शिव्या घालेल, निदान एक थोबाडीत देईल, असं त्यांना वाटलं होतं. द्यावीच, असंही वाटलं.

"मोऱ्या मागाहून घालता येतात?" तिनं विचारलं.

"येतात."

"तेव्हाही आल्या असत्या? हे हयात असताना?"

"हो. एक अर्ज करावा लागला असता. माझं माप चुकलं, एवढं लिहून."

"काम किती दिवसांचं?"

पुन्हा एकदा खोटं माप सांगावं, असं टेपसाहेबांना फार फार वाटलं.

"पंधरा दिवसांचं."

ताईनं मान हलवली. बाहेर माईक लागला, स्टेशनमास्तर टेपसाहेबांचं नाव पुकारत होते, टाळ्याही पडल्या. ताईनं फडकं बादलीत बुचकळलं, घट्ट पिळलं आणि त्यांच्या खुर्चीपाशी येऊन वाकली.

"साहेब, पाय वर घ्या," ती म्हणाली. "लादी पुसायचीय."